कोकणच्या हवेत रंगवलेला रणगाडा: वॉरगेमिंगसाठी कॅमोफ्लाज, पायरीपायरीने

श्रावण लागला की आमच्या कुडाळकडच्या गावात गणपतीच्या शाळेतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. शाळकरी वयात मी तिथे माती मळायला आणि ब्रश धुवायला जात असे. ब्रश कसा धरावा, जादा रंग कुठे टिपावा, हात थरथरू नये म्हणून मनगट कशावर टेकवावं, हे सगळं मी तिथेच पाहून शिकलो. मूर्तिकारांचं एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं: "पयलो हात सुकांदे, मगेच दुसरो." आता मी वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर लढाई मांडून खेळायच्या खेळासाठी, मुठीत मावणारे रणगाडे आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवतो, आणि तेच वाक्य रोज कामाला येतं.

खऱ्या रणगाड्यावरचा कॅमोफ्लाज त्याला दडवण्यासाठी असतो. टेबलावरच्या रणगाड्याचं तसं नाही. खेळणारी माणसं त्याच्याकडे हातभर अंतरावरून, बहुतेक वेळा वरून, ट्यूबलाइटच्या उजेडात बघतात. तिथून तो हिरवट मातकट गोळा दिसला तर महिनाभराची मेहनत गेली. त्यामुळे आपल्याला रणगाडा लपवायचा नाही, तो लपवायला वापरलेली युक्ती दाखवायची आहे. खाली सांगितलेला प्रत्येक निर्णय, म्हणजे पट्टा किती रुंद, रंग किती फिका, कड किती मऊ, या एका गोष्टीवरून ठरतो.

आधी लढाई ठरवा

रंगाच्या बाटल्या उघडण्यापूर्वी देश, वर्ष आणि ऋतू पक्का करा. "जर्मन रणगाडा" एवढं पुरत नाही. १९४० मधला जर्मन रणगाडा गडद राखाडी असतो. १८ फेब्रुवारी १९४३ च्या हुकुमानंतर मूळ रंग गडद पिवळा झाला आणि त्यावर हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग आले. हे दोन रंग घट्ट लेपाच्या रूपात तुकड्यांना मिळायचे. रणगाड्यावरची माणसं ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून स्प्रेगनने किंवा ब्रशने, हाताशी वेळ असेल तसे मारत. म्हणूनच १९४३-४४ च्या एकाच तुकडीतले दोन रणगाडे हुबेहूब सारखे नसत. आपल्यासारख्या हाताने रंगवणाऱ्याला हा मोठाच दिलासा आहे. कारखान्यातूनच तिरंगी नक्षी करून पाठवण्याची पद्धत १९४४ च्या उत्तरार्धात आली.

मी या लेखासाठी इटलीतली जुलै १९४४ ची लढाई घेतो आहे, आणि त्याला कारण आहे. तिसऱ्या बटालियनचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या रायगड जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे जवान पडले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने ती मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केले, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना टॉमीगनच्या दस्त्याने लोळवलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा महामार्गाने जाताना मी तिथे थांबतो. ही लढाई टेबलावर मांडायची तर एका बाजूला खाकी ड्रिलमधले मराठे आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्यावर हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज असलेली जर्मन वाहनं लागतात. दोन्ही रंगवायला शिकलात की बाकीचं जग अवघड राहत नाही.

मापाचंही आताच ठरवा. जर्मन पँझर चार या रणगाड्याची लांबी तोफेची नळी सोडून सहा मीटरच्या आसपास. १:७२ मापात तो साधारण ८ सेंटिमीटर होतो, १:५६ मध्ये साडेदहा, १:१०० मध्ये ६. नवशिक्याने १:७२ घ्यावं असं माझं मत आहे. ब्रश फिरवायला जागा मिळते आणि खिशालाही झेपतं.

धुणं, घासणं, जोडणं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर भागांवर राहतो, त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने सगळे भाग घासा आणि पंख्याखाली सुकवा. साच्याच्या सांध्याच्या रेघा कटरच्या पात्याने खरवडा, बारीक पॉलिशपेपरने गुळगुळीत करा. रेझिनचे भाग घासायचे तर पाण्यात बुडवूनच घासा, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, चिकटवू नका. तो खेळात फिरायला हवा आणि वेगळा धरून रंगवायला सोपा पडतो.

रणगाड्याच्या पोटाखाली ब्लूटॅकने, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लांबीने, रिकामी बाटली चिकटवा. तीच तुमची मूठ. सैनिकांना कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची टोपणं पुरतात. रंगवताना मॉडेलला बोट लागता कामा नये, आपल्याकडच्या घामात मिठाचा अंश असतो आणि पहिला हात तिथेच सुटतो.

अस्तर, आणि आपली हवा

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते, कारण त्यांची हवा कोरडी असते. स्प्रेकॅनमधला प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, दमट हवेत मारला की त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, आणि सुकल्यावर पांढुरकी साय आल्यासारखं दिसतं. माझे सहा ट्रक एका जुलैत असे गेले. पाऊस दोन तास थांबला होता, ऊन पडलं होतं, पण हवा ओलीच होती.

जून ते सप्टेंबर स्प्रेकॅनला हात लावू नका. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हाही सकाळी नको, पहाटेचं दव आणि दमटपणा नऊ-दहापर्यंत टिकतो. साडेअकरा ते तीन ही वेळ साधा. एप्रिल-मेच्या कडक दुपारी उलटा त्रास होतो: रंग मॉडेलवर पोहोचायच्या आतच हवेत सुकतो आणि अंगावर रवाळ बसतो. तेव्हा सावलीत, कॅन वीतभर अंतरावर धरून मारा. कॅन दोन मिनिटं नीट हलवा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा, मॉडेलवरून नेऊन बाहेरच थांबवा. एका जागी रेंगाळलात की ओघळ आलाच. आणि हे काम घराबाहेर, मास्क लावून.

पावसाळ्यात मी ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरतो. दोन पातळ हात, मध्ये अख्खी रात्र. सुकवायचं असेल तर टेबललॅम्पखाली दोन वीत अंतरावर ठेवतो. त्याहून जवळ नको, प्लॅस्टिक वाकतं. अस्तराचा रंग राखाडी किंवा गडद तपकिरी असावा. काळ्यावर पिवळा चढवताना चार-पाच हात लागतात आणि कोपरे भरून जातात.

१:७२ मधले मऊ प्लॅस्टिकचे सैनिक वेगळे हाताळावे लागतात. त्यांची बंदूक वाकते आणि रंगाचे पोपडे निघतात. त्यांना अस्तराआधी फेव्हिकॉल पाण्यात निम्मा करून त्याचा एक पातळ हात द्या. सुकल्यावर तो लवचिक कातड्यासारखा बसतो आणि रंग त्यावर टिकून राहतो.

रंग: बाहेरचे आणि बाजारातले

व्हॅलेहोसारख्या कंपन्यांचे या कामासाठीच बनवलेले ॲक्रिलिक रंग ऑनलाइन मिळतात. त्यात रंगद्रव्य बारीक असतं, एका थेंबात काम होतं. पण कुडाळ, कणकवली, रत्नागिरीच्या स्टेशनरीच्या दुकानात कॅमलचे ॲक्रिलिक मिळतात आणि त्यांच्यावरही काम उत्तम होतं, एक हात जास्त द्यावा लागतो इतकंच. पोस्टर कलर मात्र नकोत, ओल्या बोटाने निघून येतात.

माझी मिश्रणं अशी आहेत. गडद पिवळ्यासाठी यलो ऑकर चार भाग, पांढरा एक भाग आणि काडीच्या टोकावर काळा. पिवळ्यात काळा गेला की किंचित हिरवट झाक येते, आणि ती इथे हवीच आहे. तांबूस तपकिरीसाठी बर्न्ट सिएना तीन भाग, बर्न्ट अंबर एक भाग. हिरव्यासाठी सॅप ग्रीन दोन भाग, यलो ऑकर एक, बर्न्ट अंबर अर्धा. नुसता सॅप ग्रीन शेवाळासारखा चमकतो, त्यात तपकिरी जायलाच हवा. ही प्रमाणं रंगाच्या ट्यूबनुसार थोडी हलतात, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिन्ही रंग शेजारी-शेजारी लावून सुकू द्या. ॲक्रिलिक सुकल्यावर एक छटा गडद होतो.

आता यातला मापाचा नियम. लहान वस्तूवर रंग खऱ्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे तिन्ही रंग थोडे उजळावे लागतात. पण तांबूस तपकिरीत पांढरा घातलात तर तो गुलाबी होतो, हिरव्यात घातलात तर खडूसारखा. दोन्ही रंग उजळायला त्यात मूळ गडद पिवळाच मिसळा. तिन्ही रंगांत पिवळ्याचा धागा राहिला की ते एकमेकांचे नातेवाईक वाटतात. उन्हात, धुळीत उभ्या वाहनावर रंग तसेच दिसतात.

रंग ओला राहावा म्हणून बिस्किटांच्या पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून वेट पॅलेट करा. आपल्याकडे त्याला तीन दिवसांत कुबट वास येतो. स्पंजखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं ठेवा, आणि आठवड्याने स्पंज धुऊन कडक उन्हात घाला.

मूळ रंगाचा हात

गडद पिवळा दुधाइतका पातळ करा. सपाट ब्रशने, वरून खाली, एकाच दिशेने. पहिला हात डागाळलेला दिसेल, अस्तर डोकावेल. तो तसाच सुकू द्या. ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उचलला जातो आणि खरबरीत रेघा पडतात. दुसऱ्या हातात बहुतेक झाकलं जातं, तिसरा फक्त जिथे लागेल तिथे. मग त्याच पिवळ्यात थोडा पांढरा घालून सपाट पत्र्यांच्या मधोमध, विशेषतः वरच्या बाजूंना, एक फिकट हात द्या आणि कडा मूळ रंगात ठेवा. नक्षी चढल्यावरही हा फरक खालून जाणवत राहतो.

नक्षी

माडाच्या बागेत दुपारी बाराला उभे राहा आणि जमिनीवरच्या सावल्या बघा. झावळीची सावली जिथे म्हशीच्या पाठीवर पडते, तिथे म्हशीची पाठ कुठे संपते ते क्षणभर कळत नाही. कॅमोफ्लाज हेच करतो: वस्तूची बाह्यरेषा मोडतो. डोळा रणगाडा ओळखतो तो त्याच्या सरळ कडांवरून, काटकोनावरून आणि नळीवरून. म्हणून पट्टा या कडांना ओलांडून गेला पाहिजे. बाजूच्या पत्र्यावर सुरू झालेला तपकिरी पट्टा कड चढून वर जाऊ दे, झाकणाच्या बिजागरीवरून पलीकडे उतरू दे. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक पत्र्यात एकेक ठिगळ, चौकटीच्या आत नीट बसवलेलं. त्याने रेषा मोडत नाही, उलट ठळक होते.

आधी पेन्सिलने अगदी हलक्या रेघा काढा. १:७२ वर माझ्या पट्ट्यांची रुंदी ५ ते ८ मिलिमीटर असते. १:१०० वर मापाप्रमाणे ती चार-पाचावर यायला हवी, पण मी तिथेही सहापर्यंत नेतो, कारण बारीक पट्टे हातभर अंतरावरून एकमेकांत मिसळतात आणि सगळा रणगाडा चिखलाच्या रंगाचा दिसतो. मोजके, मोठे, स्पष्ट आकार घ्या. बाजूला तीन तपकिरी, तीन हिरवे पुरेत. पट्ट्यांमधल्या अंतरात फरक ठेवा: कुठे दोन जवळ, कुठे मोकळा पिवळा. सम अंतर आलं की ते झेब्र्यासारखं दिसतं.

टरेटची नक्षी हलच्या, म्हणजे खालच्या धडाच्या, नक्षीला जुळवायचा मोह होतो. जुळवू नका. पहिल्याच चालीत टरेट फिरेल आणि सगळी जुळवणी तुटेल. टरेट स्वतंत्र वस्तू समजून रंगवा, आणि तो निदान चार दिशांना फिरवून बघा की प्रत्येक वेळी चांगला दिसतोय. नळीवर दोन-तीन तिरपे पट्टे जाऊ द्या. नळी एकरंगी राहिली की टेबलावर तीच आधी नजरेत भरते.

आता ब्रशने मऊ कड कशी आणायची. स्प्रेगनने मारलेल्या रंगाची कड धुरकट असते आणि आपल्याकडे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं छोटं यंत्र, नाही, असं धरून चालतो. पट्टा पेन्सिलच्या रेघेच्या आतून, एक मिलिमीटर सोडून, दोन पातळ हातांनी भरा. पूर्ण सुकू द्या. मग जुन्या गादीतल्या फोमचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्यात धरा, तपकिरी रंगात टेकवा आणि टिपकागदावर इतका टिपा की कागदावर जेमतेम ठसा उमटेल. त्याने फक्त कडेवर टिपत जा, सोडलेल्या त्या एका मिलिमीटरात. बारीक ठिपक्यांची किनार तयार होते आणि हातभर अंतरावरून ती फवाऱ्यासारखी दिसते. फोम फिरवत राहा, नाहीतर एकाच छिद्राचा ठसा पुनःपुन्हा उमटतो. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी दुसरी रीत करून पाहावी: तपकिरी आणि पिवळा सम मिसळून, पाण्यासारखा पातळ करून, कडेवर बारीक ब्रशने एक रेघ. ती जास्त स्वच्छ दिसते, पण वेळ दुप्पट.

तपकिरी आधी संपूर्ण उरका, मग हिरवा घ्या. हिरवा काही ठिकाणी तपकिरीच्या कडेला खेटू दे, एखाद्या ठिकाणी त्यावर चढू दे. एका वेळी तीन-चार वाहनं रांगेत ठेवून रंगवली तर एकाच हाताची नक्षी सगळ्यांवर येते, तरी दोन सारखी होत नाहीत. तुकडी तुकडीसारखी दिसते ती यामुळेच.

एअरब्रश असेल तर ब्लूटॅकच्या वळ्या करून पट्ट्यांच्या कडेने चिकटवा आणि मधल्या जागेत फवारा. वळी गोल असते म्हणून कड आपोआप थोडी मऊ येते. ब्लूटॅकऐवजी कणकेच्या वळ्या वापरून पाहिल्या आहेत. ओली कणीक रंगाला चिकटून बसते आणि वळसे घेताना तुटते, तो नाद सोडा.

सगळ्याच सैन्यांना मऊ कड चालत नाही. १९४२ ते ४४ च्या ब्रिटिश ट्रकांवर तपकिरी रंगावर काळ्या गोल लोंबत्या आकारांची नक्षी असे, तिला मिकी माउसचे कान म्हणतात. तिची कड स्वच्छच हवी. रशियातल्या हिवाळी पांढऱ्यासाठी पांढरा सरळ ब्रशने, विस्कटलेला, कुठे जाड कुठे विरळ मारा, आणि माणसं जिथून चढतात-उतरतात तिथे भिजवलेल्या टूथपिकने खरवडून खालचा रंग उघडा करा. अमेरिकी आणि १९४४ नंतरच्या ब्रिटिश गाड्या बहुतेक एकरंगी हिरवट तपकिरी असल्याने तिथे सगळी मदार उजळ छटांवर आणि धुळीवर.

डेकल आणि वॉश

नंबर आणि क्रॉस यांचे डेकल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, खरबरीत मॅट रंगावर लावले की खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखं चमकतं. ज्या जागी डेकल लागणार तिथे आधी ग्लॉस वॉर्निशचा ठिपका लावा, मग डेकल, मग वरून पुन्हा ग्लॉस.

वॉश म्हणजे फटींत सावली आणणारा अगदी पातळ रंग. त्यासाठी बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा, पाणी सात-आठ पट, आणि लिक्विड सोपचा एक थेंब. सोपमुळे रंग फटीत ओढला जातो. सगळा रणगाडा त्यात न्हाऊ घालू नका, पिवळा मळकट होतो. बारीक ब्रशने फक्त झाकणांच्या भोवती, रिव्हेटच्या मुळाशी, जाळीत. पावसाळ्यात वॉश सुकायला तासभर जास्त लागतो आणि तोवर तो तळाशी साचून डाग धरतो. साचलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्या. शेवटी पिवळ्यात भरपूर पांढरा मिसळून, ब्रश जवळजवळ कोरडा करून, वरच्या कडांवर अलगद फिरवा. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांवरूनही हाच एक रंग जाऊ द्या. तीन रंग एका उन्हात येतात ते इथे.

माती

आपल्याकडे जांभा दगड पायाखाली आहे. त्याची भुकटी तव्यावर कोरडी भाजून वस्त्रगाळ केली की विकतच्या पिगमेंटच्या तोडीची लाल धूळ मिळते. पण ती कुठे लावायची याचं भान हवं. तांबडी माती ब्रह्मदेशातल्या किंवा व्हिएतनामच्या गाड्यांना शोभते. इटलीतल्या उन्हाळी रस्त्यांची धूळ फिकट, पांढुरकी पिवळी असते. तिच्यासाठी शाडूची भुकटी घ्या आणि चिमूटभर जांभा मिसळा. ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे), चाकं आणि बाजूच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर मऊ ब्रशने धूळ टेकवा, मग पातळ केलेला मॅट वॉर्निश ब्रशच्या टोकाने तिला स्पर्श करू दे, तो आपोआप आत शिरतो. वॉर्निश लागल्यावर निम्मी धूळ दिसेनाशी होते, म्हणून आधी हवी त्यापेक्षा जास्त लावा. मात्र धुळीखाली सगळी नक्षी पुरू नका.

सैनिकांच्या पायाखालच्या बेसवर समुद्राची वाळू लावणार असाल तर ती गोड्या पाण्यात चार वेळा धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीने गाळून घ्या. खारट वाळू पावसाळ्यात ओल धरते, बेस चिकट होतो आणि उन्हाळ्यात वर पांढरी मिठाची पूड दिसते. देवगड-मालवणची वाळू अशी न धुता लावलेले बेस मला पुढे खरवडून पुन्हा करावे लागले.

सैनिक

मराठ्यांची खाकी ड्रिल एकरंगी, तरी तिच्यात जीव आणता येतो. यलो ऑकर तीन, पांढरा दोन, बर्न्ट अंबर अर्धा. वरून तपकिरी वॉश, मग घड्यांच्या माथ्यावर तीच खाकी, पांढऱ्याने उजळून. कमरेचे आणि छातीचे पट्टे कपड्यापेक्षा किंचित हिरवट ठेवा म्हणजे अंगावेगळे दिसतात. त्वचेसाठी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर सम भाग, पांढरा थोडाच. सेक्शनमध्ये दोन-तीन छटा ठेवा, सगळ्यांचा वर्ण एकच नसतो. नाक, गालफड आणि हनुवटीवर उजळ ठिपका. गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सैनिकाचेही डोळे आखावेसे वाटतील. १:७२ वर ते करू नका, डोळे वटारल्यासारखे दिसतात. भुवईखाली तपकिरी सावली पुरते. घाडगेंच्या हातात टॉमीगन द्यायला विसरू नका.

जर्मनांच्या बाजूला कॅमोफ्लाज कपडा हवा. ते तंबूची त्रिकोणी ताडपत्री पोंचोसारखीही पांघरत असत. १९३१ साली तिच्यासाठी केलेली नक्षी फुटक्या काचेच्या तुकड्यांसारखी, कोनदार असते: फिकट राखाडी-मातकट पार्श्वभूमी, त्यावर तपकिरी आणि हिरवे टोकदार तुकडे, आणि वर पावसाच्या सरीसारख्या हिरव्या बारीक उभ्या रेघा. पेराएवढ्या सैनिकावर ही सगळी नक्षी मापात बसवणं शक्य नाही आणि गरजही नाही. क्रम असा. पार्श्वभूमीचा हात द्या आणि वॉश आत्ताच उरका, कारण नक्षीनंतर वॉश दिला तर ती गढूळ होते. घड्यांचे माथे उजळा. मग शून्य नंबरच्या ब्रशने पाठीवर चार-पाच तपकिरी तुकडे, त्रिकोण आणि वाकडे चौकोन, कोपरे टोकदार. हिरवे तुकडे त्यांच्या शेजारी, काही त्यांना अर्धवट झाकणारे. घडीवरून नक्षी सरळ जाऊ द्या. कापडावर ती छापलेली असते, घडीबरोबर तिचा आकार बदलत नाही. पावसाच्या रेघा १:७२ वर फक्त खांद्यावर सात-आठ, तेवढ्याने ओळख पटते. २८ मिलिमीटर उंचीच्या, मोठ्या मापाच्या सैनिकावर अंगभर काढा.

ब्रश जाड आहे की बारीक यापेक्षा त्याचं टोक महत्त्वाचं. टोक शाबूत असलेला दोन नंबरचा ब्रश फाटलेल्या शून्य नंबरपेक्षा बारीक रेघ काढतो. काम झाल्यावर साबणाने धुऊन, टोक ओठांऐवजी बोटांनी जुळवून, आडवा वाळवा.

हाच क्रम बाकीच्या नक्षींना लागू पडतो: ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांच्या डेनिसन स्मॉकला फिकट खाकीवर हिरवे-तपकिरी ब्रशचे फराटे, अमेरिकी वुडलँडला चार रंगांची मोठी पानं. भारतीय सैन्याची १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी दाखवलेली डिजिटल नक्षी करायची तर चौकोन मोजत बसू नका. चपट्या टोकाच्या टूथपिकने तीन छटांचे आडवे-उभे ठिपके टेकवले की काम भागतं.

वॉर्निश आणि साठवण

खेळात मॉडेल सतत हाताळली जातात आणि नळीचं टोक, टरेटच्या कडा, टोप्या आधी झिजतात. ग्लॉसचा एक हात द्या, तो चिवट असतो. पूर्ण दिवस सुकू द्या, मग मॅटचा. मॅट वॉर्निशचा स्प्रे दमट हवेत प्रायमरपेक्षाही लबाड, काळोख्या हिरव्यावर धुक्यासारखा पांढरा बसतो. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक मॅट घ्या, बाटली आधी नीट हलवा, एकाच जागी ब्रश घोळवू नका. कुठे पांढरं दिसलंच तर त्यावर ग्लॉसचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा रंग परत दिसतो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

ठेवण्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या बाटल्यांतून येतात त्याच चालतात, फक्त अधूनमधून उन्हात तापवून घ्या. बेसखाली लोहचुंबक किंवा वॉशर चिकटवत असाल तर त्यावर आधी वॉर्निशचा हात द्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला एका पावसाळ्यात गंज चढतो आणि तो बेसमधून वर झिरपून वाळूला तांबडा डाग पाडतो. दसऱ्याच्या सुमारास डबे उघडून सगळी फौज दोन तास सावलीत हवेवर मांडा आणि ब्रशने धूळ झटका. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर ओल्या इअरबडने लगेच पुसा आणि ती जागा सुकल्यावर मॅटने पुन्हा बंद करा.